स्वखुशीने चोपन्न तास

७ जानेवारी, मंगळवार

कागद आला. 'क समरी' म्हणे. यांना मोठ्याने वाचून दाखवला. "सदरचा गुन्हा गैरसमजुतीतून दाखल झाल्याचे तपासात निष्पन्न झाल्याने प्रकरण बंद करण्यात येत आहे."

गैरसमजुतीतून! कुणाचा गैरसमज? मी तर पहिल्या मिनिटापासून सांगत होते. साहेब, ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. एक जोडी, एक कोयता. एकटं माणूस असेल तर अर्धा कोयता. मी मुकादम आहे, टोळी भरते. गाडीवाल्याला निरोप पाठवला होता, "चौदा कोयते तयार आहेत, दोन अर्धे. रविवारी गाडी पाठवा, भरून देते." बस, एवढाच निरोप. निवडणुकीच्या नाकाबंदीत त्याचा मोबाइल तपासला आणि मी शस्त्रं पुरवणारी झाले.

हे म्हणाले, "सुटलीस न्हवं? मिटलं मग. पेढे वाटू."

म्हटलं, वाटा की. मेजावर सोळा कोयते मांडून, मागे मला पदर ओढून उभी करून ज्याने फोटो छापला, 'महिला म्होरक्या जेरबंद', त्या पेपरवाल्यापासून सुरुवात करा. ते कोयते टोळीचे होते, धार लावायला माझ्याकडे गोळा केलेले. हे शेळ्यांना पाला टाकायला निघून गेले.

नऊ दिवस. तीन ठाण्यात, सहा तुरुंगात. त्याला गैरसमज म्हणतात होय?

९ जानेवारी, गुरुवार

बीडला जाऊन आले. शेख वकिलांना भेटले. बाईमाणूस, माझ्याहून दहा वर्षांनी लहान असेल. मूळच्या युसूफ वडगावच्या. मला वाटलं होतं वकील म्हणजे आधी हूं हूं करणार. ह्यांनी कागद वाचला आणि म्हणाल्या, "भामाताई, गुन्हा बंद झाला म्हणजे ते सुटले, तुम्ही नाही. दावा लावायचा का?"

म्हटलं, त्यासाठीच आलेय.

पोलिसांवर आणि सरकारवर दावा करायचा तर आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. त्याच्या आधी सगळं लिहून काढायचं. "तारीख, वेळ, कोण काय बोललं. रागाचं लिहू नका, घडलेलं लिहा."

येताना दोन वह्या आणल्या. एक शेखबाईंसाठी, सभ्य. दुसरी ही. मंगळवारचं आलेल्या पाकिटावर लिहिलं होतं, तेही हिच्यात उतरवलं.

१० जानेवारी, शुक्रवार

शेखबाईंच्या वहीत बारा पानं झाली. मंगळवारी सकाळी अकराला घरून उचललं. गुरुवारी संध्याकाळी पाचला अटक दाखवली. शुक्रवारी कोर्टात उभं केलं. चोवीस तासांत उभं करायचं असतं, त्यांच्या कागदावर केलंही. मंगळवार अकरा ते गुरुवार पाच, हे चोपन्न तास मात्र कागदावर नाहीतच. मी कुठे होते तेव्हा? आभाळात?

कोर्टात साहेबांनी विचारलं होतं, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" मी म्हणाले, नाही. मला वाटलं मारहाणीचं विचारतायत. मारलं नव्हतं, म्हणून नाही म्हणाले. त्यांनी लिहून घेतलं, तक्रार नाही. त्या 'नाही'साठी माझं मलाच थोबाडीत मारावंसं वाटतं.

त्या वहीत जे लिहिलं नाही ते इथे लिहिते.

फौजदाराने निरोप वाचून विचारलं, "अर्धे म्हणजे काय? गावठी कट्टे का?" बाजूचे दोन शिपाई हसले. फौ. इथला नाही, नव्हतं ठाऊक, मान्य. पण हसणारे इथलेच. बीड जिल्ह्याच्या पोलिसाला कोयता म्हणजे काय ते ठाऊक नसावं? निम्म्यांच्या आया उसाच्या फडावर राबलेल्या.

मग फौ. वळला कोपऱ्यात उभ्या असलेल्या महिला शिपायाकडे. "तू ह्याच भागातली ना गं? कोयता म्हणजे काय म्हणतात तुमच्यात?"

ती म्हणाली, "कोयताच म्हणत्यात सर. हत्यार."

ती मीरा. आमच्या चंद्राबाईची मीरा. तिचे आईबाप अकरा हंगाम माझ्या टोळीत एक कोयता होते. पोरगी फडावरच्या माझ्याच झोपडीत, कोपीत निजायची.

तीन दिवस तीच माझ्यावर पहाऱ्याला. तीन दिवस मला म्हणत होती, "ओ बाई, तिकडं सरका." बाई! जन्मात मावशीशिवाय दुसरी हाक नाही मारली तिने मला.

हे शेखबाईंना सांगितलेलं नाही. का नाही, ते मलाही धड सांगता येत नाही.

१५ जानेवारी, बुधवार

काल संक्रांत. वाण घेऊन देवळात गेले. दारातच एकीने दुसरीला कोपराने ढोसलं, "सरका गं, गँग आली." खी खी खी. मीही हसले असते, दुसरीवर आलं असतं तर.

टोळी गेली. दिवाळीच्या आधीच गेली, मी तुरुंगातून आले तेव्हा दारात कुणी नव्हतं. दुसऱ्या मुकादमाने भरून नेली. लोकांना दोष नाही, त्यांना हंगाम गाठायचा असतो. पण सतरा वर्षं मी एकही जोडी अर्ध्यातून परत येऊ दिली नाही. बाळंतपणं केली, कारखान्याच्या साहेबाशी भांडून दवाखान्यात गाड्या नेल्या. बाई मुकादम म्हणून पुरुष हसायचे, त्यांची तोंडं बंद केली. नऊ दिवसांत सगळं धुऊन गेलं.

तीळगूळ घ्या, गोड बोला म्हणे. आज कुणाशीच बोलले नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

माहिती अधिकारात ठाण्यातल्या कॅमेऱ्याचं चित्रण मागितलं होतं. उत्तर आलं. "सदर कालावधीत कॅमेरे तांत्रिक कारणास्तव बंद होते." मंगळवारी बंद पडले, गुरुवारी सुरू झाले. एवढी हुशार यंत्रं आपल्या जिल्ह्यात आहेत हे ठाऊक नव्हतं.

शेखबाई म्हणाल्या, "कारखान्याकडून तुमच्या कराराची प्रत मिळाली. त्यात छापील रकाना आहे, 'कोयता संख्या'. तुमच्यापुढे चौदा आणि दोन अर्धे. शब्दाचा प्रश्न मिटला. पण चोपन्न तासांचं काय? त्या खोलीत आणखी कोण होतं? महिला शिपाई असणारच."

म्हटलं, होती एक.

"नाव?"

"ठाऊक न्हाई."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. गाडीत बसल्यावर स्वतःचाच असा राग आला की तिकीट देणाऱ्यावर उगाच खेकसले.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

नोटीस गेली. रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह. पोस्टातल्या मास्तरांनी पत्ता वाचला, मग माझ्याकडे पाहिलं, मग शिक्का जरा जोरात मारला. बरं वाटलं त्या आवाजाने.

नोटिशीत लिहिलंय, "नाव माहीत नसलेली एक महिला शिपाई."

खोटं. माझ्याच नोटिशीत माझंच खोटं. शिपाई खोटं बोलली म्हणून मी चिडायचं आणि तिच्यासाठी मी खोटं बोलायचं.

३० मार्च, रविवार. पाडवा

गुढी उभारली. यांनी कडुलिंब जास्त आणला होता, म्हटलं यंदा लागेल.

दुपारी मीरा गावात आली. सुट्टीवर. आईला नवी साडी आणली म्हणे. मी विहिरीवरून येत होते, ती समोरून. पाहिलं. मान वळवली आणि भिंतीवरची जाहिरात वाचत उभी राहिली. बियाण्याची जाहिरात. तिला काय पेरायचंय?

हिच्या पोलीस भरतीसाठी मी काय नाही केलं. बारावीनंतर चंद्राबाई तिचं लग्न लावायला निघाली होती, मी आडवी पडले. फडातल्या सऱ्या मोजायची दोरी आणून शिरूरच्या रस्त्यावर आठशे मीटर मोजले, दोन दगडांना चुना लावला. ती पळायची, मी मोबाइल धरून वेळ सांगायची. "मावशी, किती?" "चार सेकंद जादा. परत." चार महिने. गोळाफेकीला गोळा नव्हता तर जुन्या वजनकाट्याचं वजन. निवड झाली त्या दिवशी आईनंतर गावात पहिल्यांदा माझ्याच पाया पडली.

त्याच पायांनी ठाण्यात माझ्यासमोर उभी होती. मला भीक नको होती. 'सर, जोडीला कोयता म्हणतात', चार शब्द. नोकरी जात होती त्या चार शब्दांनी?

जात असेल. मला काय ठाऊक. पण विचारून तरी पाहायचं होतं तिने स्वतःला.

१२ एप्रिल, शनिवार

अण्णांच्या बंगल्यावर बोलावणं. अण्णा म्हणजे आमच्याकडचे पुढारी, ज्यांच्या शब्दावर बदल्या होतात. हे सोबत. फौ. आधीच येऊन बसलेला, साध्या कपड्यांत, गुडघ्यावर हात ठेवून, नवरदेवासारखा.

अण्णा म्हणाले, "भामाबाई, तुमी आपल्या घरच्या. पोरगं नवीन हाय, वरून दबाव होता, निवडणुकीत कारवाई दाखवायची असती. झालं चुकून. आता ते हात जोडतंय. नोटीस माघारी घ्या."

फौ.ने खरंच हात जोडले. "मिसअंडरस्टँडिंग झालं ताई."

म्हटलं, हेच लिहून द्या. मंगळवारी अकराला आणलं, गुरुवारी पाचला अटक दाखवली, चूक झाली, खाली सही. दावा करणार नाही.

फौ. अण्णांकडे बघायला लागला. अण्णा हसले. "लिहून कावून पायजे? तोंडानं बोललं त्ये माणसात चालतंय की."

"माणसात चालतंय अण्णा. पण मला आत घातलं त्ये कागदावर घातलं. भायेर बी कागदावरच काढा."

यांनी माझा पदर ओढला. चहा तसाच ठेवून आले. घरी आल्यावर हे म्हणाले, "तुला लई माज आलाय."

आलाय. यायलाच हवा होता, उशिरा आला.

२ मे, शुक्रवार

दावा दाखल. शेखबाईंनी एकेक पान माझ्याकडून वाचून घेतलं, मग सही. भरपाईचा आकडा त्यांनीच घातला, मी वाचताना त्या ओळीवरून पुढे गेले. मला 'बेकायदेशीर' हा शब्द हवाय, कोर्टाच्या शिक्क्याखाली. बाकी मिळालं तर मिळालं.

येताना लिंबागणेशच्या फाट्यावर गाडी बंद पडली. दीड तास झाडाखाली. शेजारच्या म्हातारीने विचारलं, कुठून आलीस? म्हटलं, पोलिसांवर केस करून आले. तिने पिशवीतली काकडी काढली आणि अर्धी मला दिली.

१८ जुलै, शुक्रवार

सरकारचा जबाब आला. तळपायाची आग मस्तकात गेली ती अजून उतरलेली नाही. जसंच्या तसं उतरवते.

"वादी यांना चौकशीकामी बोलाविले असता त्या स्वखुशीने पोलीस ठाण्यात हजर झाल्या व स्वखुशीने थांबल्या. त्यांना कोणत्याही प्रकारे अडवून ठेवले नव्हते. त्यांनी घरून आलेला डबा समाधानाने खाल्ला."

स्वखुशीने! चोपन्न तास! घरात दोन शेळ्या व्यालेल्या, टोळीची गाडी रविवारी यायची, आणि मी स्वखुशीने ठाण्याच्या फरशीवर बसले होते, लाद्या मोजत. डबा समाधानाने खाल्ला! हे रोज दोन वेळा सायकलवर डबा घेऊन यायचे, बाहेर लिंबाखाली उभे राहायचे, यांना आत सोडत नव्हते. भाकरी घशाखाली उतरत नव्हती म्हणून पाण्यात बुडवून गिळली. त्याचं समाधान झालं होय?

आणि खाली जोडलेला एक जबाब. साक्षीदार महिला पोलीस शिपाई. मीरा. "मी नेमणुकीस असताना वादी यांना त्यांच्या इच्छेनुसार ये-जा करण्यास मुभा होती. त्या माझ्याशी गप्पा मारीत बसल्या होत्या." सही तिची. ती अक्षरं मीच घोटवून घेतलीत, कोपीत, कंदिलाच्या उजेडात, उसाच्या पाचटावर बसून.

गप्पा मारीत बसल्या होत्या.

१९ जुलै, शनिवार

पहिल्या गाडीने बीड. शेखबाईंना सगळं सांगितलं. कोण ती, माझी कोण, फौ.ने काय विचारलं, ती काय म्हणाली.

शेखबाई कधी आवाज चढवत नाहीत. आज चढवला. "सहा महिने तुम्ही माझ्यापासून हे लपवलं? नोटिशीत नाव माहीत नाही लिहिलं! आता समोरचा वकील तुम्हाला विचारेल, तुमच्या गावची मुलगी तुम्ही ओळखली नाही?"

बरोबर होतं. मान खाली घालून ऐकलं. मग त्यांनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही तिला वाचवत होतात. तिने तुम्हाला नाही वाचवलं."

म्हटलं, तेच तर.

२८ ऑगस्ट, गुरुवार

काल गणपती बसले. आज चंद्राबाई आली, मोदक घेऊन. ताट खाली ठेवायच्या आधीच रडायला लागली. पोरगी नोकरीला लागल्यापासून ती तोडीला जात नाही, हातांची कातडी मऊ झालीय.

"भामे, तिला लिहून आणलेल्या कागदावर सही घेतली गं. वाचू बी दिलं न्हाई."

"वाचता येतं तिला."

"साहेब म्हणला, सही न्हाई तर गडचिरोलीला धाडतो."

"मग जायचं गडचिरोलीला. माणसंच ऱ्हात्यात तिथं."

चंद्राबाईने डोळे पुसले. मग असं बोलली की मी तिच्याकडे पाहतच राहिले. "तू मुकादम हायस. तुझं तोंड चालतंय, तुला वकील मिळतोय. माझी पोरगी पयली हाय आमच्या खानदानात जिनं कोयता धरला न्हाई. ती नोकरी गेली तर तिनं काय धरायचं?"

मोदक ठेवून घेतले. ती गेल्यावर हे म्हणाले, "बग, ईचार कर."

विचारच करतेय. दिवसभर केला. तिचं खरं असेल, तरी माझे चोपन्न तास खोटे होत नाहीत. पोरीची नोकरी मी धोक्यात घातली का फौ.ने? सगळे मलाच का सांगायला येतात, सोड म्हणून? एकदा तरी कुणी त्या ठाण्यात जाऊन म्हणावं, लिहून द्या म्हणून.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सहा जोड्या आणि एक एकटा गडी आला, यंदा माझ्याकडून जातो म्हणून. सतरा वर्षांत सगळ्यात लहान टोळी. टोळीबरोबर हे जातील, मी तारखांसाठी मागे.

गाडीवाल्याला निरोप लिहायला बसले. हात थांबला. लिहिलं, "सहा जोड्या तयार." वाचलं. जोड्या काय, चपला पाठवतेय का मी? पुसलं. लिहिलं, "सहा कोयते तयार आहेत. एक अर्धा. शुक्रवारी गाडी पाठवा." पाठवलं. या पुन्हा, या, मी घरीच आहे.

गाडीवाल्याचं उत्तर, "बाई, फोनच करत जा."

२० नोव्हेंबर, गुरुवार

माझी साक्ष. सरकारी वकील मृदू बोलणारा माणूस. असली माणसं वाईट.

"डबा खाल्ला होता का? हो की नाही, एवढंच सांगा."

"खाल्ला, पण..."

"पण नको. हो?"

"हो."

"कुणी बांधून ठेवलं होतं?"

"नाही."

"दाराला कुलूप?"

"नाही."

"मग गेला का नाही?"

म्हटलं, साहेब, तुमच्या घरी पोलीस आले, जीपमध्ये घातलं, मोबाइल काढून घेतला, म्हणाले बस इथं, तर तुम्ही उठून जाल का? तो म्हणाला, प्रश्न मी विचारतो. पण न्यायाधीश साहेबांनी मान वर केली आणि टंकणाऱ्याला म्हणाले, "हे घ्या." घेतलं. माझं वाक्य कोर्टाच्या कागदावर आलं.

मग ठरलेला प्रश्न. महिला शिपायाला ओळखत होता? हो. नोटिशीत नाव का लिहिलं नाही? शेखबाईंनी बजावलं होतं, खरं तेच सांगा. सांगितलं, "पोरीची नोकरी जाईल म्हणून." सरकारी वकील हसला. "म्हणजे नोटिशीत तुम्ही खोटं लिहिलं?"

"हो."

हे 'हो' पण कागदावर आलं. बाहेर येऊन नळावर तोंड धुतलं.

८ जानेवारी, गुरुवार

फौ. साक्षीला येणार. मीराला ते आणणार नाहीत. तिचा कागद नुसता जोडलेला राहणार, तिला कुणी काही विचारणार नाही.

शेखबाई म्हणाल्या, "आपण बोलावू शकतो. समन्स काढायला अर्ज देऊ. पण नीट समजून घ्या. ती आपल्या बाजूने साक्षीदार म्हणून येणार. आत उभी राहून तिने परत तेच सांगितलं, की बाई स्वखुशीने बसल्या होत्या, तर आपणच आणलेल्या साक्षीदाराने आपल्याला बुडवलं असं होईल. चोपन्न तास गेले समजा."

"आणि न्हाई बोलावली तर?"

"तर निम्मा दावा. शब्दाचा जिंकू बहुतेक. तासांचा अवघड."

निम्मा. अर्धा कोयता. मला मोठ्याने हसू आलं, शेखबाई घाबरल्या.

यांना फडावर फोन केला. मागे उसाच्या गाडीचा आवाज. हे म्हणाले, "मी तीन दिस लिंबाखाली हुबा होतो. मला कुणी न्हाई ईचारलं, तू सवखुशीनं हुबा हायस का म्हणून. बोलाव तिला."

लग्नाला चोवीस वर्षं झाली. एवढं लांब वाक्य पहिल्यांदा ऐकलं. अर्जावर सही केली.

१९ जानेवारी, सोमवार

समन्स ठाण्यामार्फत पाठवलं तर 'बंदोबस्तावर आहे' शेरा मारून परत येतं, म्हणून शेखबाईंनी घरचा पत्ता दिला. तिची सुट्टी सोमवारची. सकाळी साडेनऊला बेलीफ फटफटीवरून आला, थेट माझ्या दारात.

"घर दाखवायला चला. ओळख पटवून तुमची सही लागती."

हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं होतं कागद आपला आपण जाईल. म्हटलं, तुम्हीच विचारत जा, तिसरी गल्ली. तो म्हणाला, "तसं न्हाई चालत बाई. तुमचा साक्षीदार, तुमी दाखवायचा."

चप्पल घातली. तीन गल्ल्या. दारोदार बायका थांबून बघत होत्या, मी पुढे, कागदांची पिशवी घेतलेला बेलीफ मागे. पोलीस मला न्यायला आले होते तेव्हाही असंच, फक्त तेव्हा मी मधे होते. एकीने विचारलं, "कुणाकडं गं?" मी सांगितलं. मोठ्याने सांगितलं.

चंद्राबाईने दार उघडलं. आधी बेलीफाला पाहिलं, मग मला. तिचा चेहरा मला लिहिता येत नाही. एवढंच म्हणाली, "तू घेऊन आलीस?"

"हो. मी घेऊन आले."

मागून मीरा आली. केस धुतलेले, घरातला गाउन, वर्दीशिवाय मला परत तीच दिसली, कोपीतली, आणि त्यानेच जास्त राग आला. बेलीफाने नाव विचारलं. तिने सांगितलं. "ह्याच का?" त्याने मला विचारलं. मी म्हटलं, हीच. सही केली.

मीराने एकोणतीस तारखेचं समन्स हातात घेऊन पूर्ण वाचलं. वरपासून खालपर्यंत, पाठपोट. बेलीफ म्हणाला, सही करा, वाचता काय, तारखेचा कागद हाय. ती म्हणाली, "वाचूनच करणार." मग त्याचा पेन घेतला, आईच्या खांद्यावरून हात काढून भिंतीला कागद टेकवला आणि सही केली.

बेलीफ फटफटीला किक मारून गेला. मी उभीच. काय करायचं होतं तिथे उभं राहून, ठाऊक नाही. काही बोलावं म्हणून तोंड उघडलं तर सगळ्या शिव्याच आल्या तोंडात, एकही दिली नाही. चंद्राबाई आत जाऊन भांडी आपटत होती.

वळले तशी मीरा बोलली, माझ्याकडे न बघता, कागदाची घडी घालत.

"एकोणतीसला तुमी कंच्या गाडीनं जाणार?"

"आठच्या. शिरूरवाली."

तिने मान हलवली. हो म्हणून की नुसतंच ऐकलं म्हणून, कळलं नाही. दार लावून घेतलं.

घरी येऊन हे लिहितेय. दहा दिवस आहेत. ती आठच्या गाडीला आली तर मी तिच्याशेजारी बसणार का? जागा असली तरी? आणि नाही आली, फौ.च्या जीपमधून उतरली कोर्टात, तर?

सरकून जागा देईन, असं आत्ता तरी वाटत नाही. पण सीट धरून ठेवायला पिशवी घेऊन जाणार आहे, मोठी.